शंखवाले मासे : टाकी धुतली आणि वाड्यात भाऊबंदकी सुरू झाली

काचेतलं_जग (पुणे) | शनिवार, रात्री ९:१०

जाणकारांनी जरा लवकर बघा, प्लीज.

माझ्याकडे दोन फुटी टाकीत 'मल्टी' आहेत. पूर्ण नाव निओलँप्रोलोगस मल्टिफॅसिएटस. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला, सिक्लिड कुळातला मासा. नर वाढून वाढून साडेचार सेंटीमीटर, मादी तीनेक. अंगावर बारीक उभे पट्टे, डोळा निळसर. रिकाम्या शंखांत राहतात, अंडीही तिथेच घालतात. दीड वर्षापूर्वी सहा पिल्लं आणली होती, आता लहानमोठे धरून एकोणीस-वीस असतील. नक्की आकडा लागत नाही, मोजायला बसलं की निम्मे आत.

इतक्या दिवसांत भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. आज सुट्टी म्हणून टाकी 'नीट' साफ केली. सगळे बावीस शंख बाहेर काढले, आत कोणी असेल त्याला हलवून टाकीत सोडलं, शेवाळ ब्रशने घासलं. यांनी खणून खणून काचेपर्यंत खड्डे केले होते, ती वाळू सपाट केली. शंख ओळीत मांडले. बायको म्हणाली, आता कसं घरासारखं दिसतंय. दुपारी चारपर्यंत तसंच दिसत होतं.

आत्ताची परिस्थिती : मोठा नर समोर येईल त्याच्या अंगावर धावतोय. दोन माद्या वर हीटरच्या मागे चिकटून आहेत, एकीची शेपटी फाटली आहे. सकाळी एका शंखाच्या तोंडाशी सात-आठ पिल्लं होती (मोहरीला डोळे फुटावेत तेवढी), ती गायब. काय चुकलं?

पाणपोई (डोंबिवली) | शनिवार, रात्री ९:२५

वाचतोय. मोठ्या नराला जाळीने काढून बादलीत ठेवा आजची रात्र. आमच्याकडे टायगर बार्बला हेच करतो.

निवृत्त_मास्तर (कोल्हापूर) | शनिवार, रात्री ९:५०

नर काढू नका. टाकीत जाळी फिरवली की उरलेसुरलेही बिथरतील.

आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. फिल्टर कोणता? त्याचा स्पंज आज धुतला का? धुतला असेल तर कशात?

काचेतलं_जग | शनिवार, रात्री ९:५८

सर, स्पंज फिल्टर. हो, धुतला. नळाखाली, पार पांढरा होईपर्यंत. पाणी निम्मं बदललं, अँटी-क्लोरीनचे थेंब घातले होते.

निवृत्त_मास्तर | शनिवार, रात्री १०:२०

थेंब टाकीत घातलेत, स्पंजाला क्लोरीन थेट नळातूनच मिळालं. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया खाणारे जिवाणू त्या काळ्या मळात राहतात, बरेचसे गेले असणार. म्हणजे तुमच्याकडे एक नाही, दोन भानगडी आहेत. दिसतेय ती भाऊबंदकी. न दिसणारी जास्त वाईट.

टांगानिकाचं पाणी कडक (म्हणजे क्षार जास्त) आणि अल्कलीयुक्त, पीएच साधारण ९ च्या आसपास. त्यामुळे तुमचीही टाकी ८ च्या वर असणार. तिथे अमोनियाचा हिशेब बदलतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. ८.५ ला तोच पंधरा टक्क्यांपर्यंत जातो. गप्पीच्या टाकीत खपून गेली असती ती चूक इथे महागात पडते.

आता एवढंच करा. दिवा बंद. दोन दिवस खाणं बंद. सकाळी पाव टाकी पाणी बदला, तेवढ्याच तापमानाचं, थेंब घालून मुरवलेलं. ओळखीत कोणाची जुनी चालती टाकी असेल तर तिचा मळका स्पंज उसना आणा. लाजू नका, विरजण मागतो तसंच आहे हे.

अबोली (नाशिक) | शनिवार, रात्री १०:४०

विरजणाची उपमा आवडली मास्तर :)

धागाकर्त्यांनी घाबरू नये. माझ्याही टाकीत एकदा हे झालं होतं, आणि मी तर फक्त एक दगड हलवला होता.

माझ्याकडे मल्टी नाहीत, त्यांचे चुलते आहेत : निओलँप्रोलोगस पुल्चर, दुकानात 'डॅफोडिल' म्हणतात. शंख नको, दगडांच्या कपारी लागतात. यांची खरीखुरी एकत्र कुटुंब पद्धती. एक मोठी जोडी अंडी घालते आणि बाकीचे राबतात. आधीच्या विणीतली मोठी पिल्लं धाकट्या भावंडांच्या अंड्यांना पंख्याने वारा घालतात, कपारीतली वाळू तोंडाने उचलून बाहेर टाकतात, परका आला की अंगावर जातात. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठात मायकेल टाबोर्स्की यांनी याच माशांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग असा, की मदतनिसाला घरात ठेवून घेतात ते कामाच्या बोलीवर. आळस केला की मोठे हुसकावतात, आणि ज्याची गैरहजेरी लागली तो परतल्यावर जरा जास्तच राबताना दिसतो.

आमच्या आजेसासूबाई हे वाचून म्हणाल्या असत्या, यात नवीन काय?

तर तो दगड. कपारीच्या तोंडावरचा, चार बोटं सरकवला फक्त. सकाळी एक मदतनीस पार झोडपलेला. त्या दगडाच्या अलीकडे-पलीकडे कोण, हे ठरलेलं होतं आणि मी खूणच हलवली.

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ७:१५

अबोलीताईंनी वर्मावर बोट ठेवलं. मल्टींचंही तेच.

तुम्हाला जे 'दिसायला वाईट' खड्डे वाटले, ते बांध होते. हा मासा वाळू तोंडात भरून बाहेर थुंकतो, आडवं होऊन अंग थरथरवून उधळतोही. शंखाभोवतीची वाळू काढून शंख मोकळे करतो आणि काढलेल्या वाळूची वरंबी कडेने साचते. त्या खळग्यात एक नर, दोन-तीन माद्या, वेगवेगळ्या वयाची पिल्लं. प्रत्येक मादीचे शंख ठरलेले. मादीच्या हिशेबाने शंख म्हणजे माजघरही आणि बाळंतिणीची खोलीही. अंडी ती आत खोल चिकटवते, थोडीच, डझन-दीड डझनाच्या आसपास. नर तोंडाशी येऊन त्याचं काम करून जातो. आठवडा-दहा दिवसांनी पिल्लं तोंडाशी दिसायला लागतात आणि पुढे तिथेच वाढतात, त्यांना कोणी हाकलत नाही. शेजारच्या खळग्यात दुसरा नर. दोघं रोज वरंबीवर समोरासमोर येऊन कल्ले फुगवतात आणि परत जातात, तेवढ्यावर भागतं.

तुम्ही काल सगळ्यांचे बांध मोडलेत, घरं उचलून दुसऱ्याच गटात ठेवलीत आणि वर सातबारा धुऊन टाकलात. मोठ्या नराला आता शेत कुठवर आपलं तेच कळत नाहीये, म्हणून तो सगळंच आपलं समजतोय. पिल्लांचं मात्र वाईट झालं. शंखाबाहेर पडलेलं एवढंसं पिल्लू दुसऱ्याच्या खळग्यात गेलं की ते खाद्य.

काचेतलं_जग | रविवार, सकाळी ८:०५

वाचून कसंतरी झालं. त्यातलं एक पिल्लू मीच हलवून बाहेर काढलं होतं.

चुलतभावाकडून स्पंज आणतोय. टाकीचा जुना फोटो मोबाइलमध्ये आहे, शंख तसेच्या तसे परत मांडू का?

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ८:३०

नको. काल रात्रीपासून त्यांनी नव्या वाटण्या सुरू केल्या असतील, त्या परत मोडाल. आहेत त्या शंखांना हात न लावता मधोमध एक उभा दगड ठेवा, दोन टोकं एकमेकांना दिसणार नाहीत असा. दगड वाळूवर ठेवू नका, वाळू बाजूला करून तळाच्या काचेवर टेकवा. हे प्राणी खालून खणतात, दगड कलंडला की काच जाते. आणि जास्तीचे आठ-दहा शंख घाला, विखरून. माशामागे दोन तरी शंख हवेत.

कोकणचा_बाळ्या (हर्णै) | रविवार, सकाळी ९:४५

शंख हवेत तर सांगा, पोतंभर पाठवतो :) समुद्राचे चालतात का पण? लांब टोकाचे नको म्हणून ऐकलंय.

दार_ए_सलामकर (टांझानिया) | रविवार, सकाळी ११:३०

अरे, आमच्या सरोवराची चर्चा आणि मीच उशिरा!

कामासाठी सरोवराकाठच्या किगोमाला दोनदा जाणं झालंय. आपला समज असतो तसलं तळं नाही ते. लांबी साडेसहाशे किलोमीटरच्या वर, सगळ्यात खोल जागी जवळजवळ दीड किलोमीटर, आणि काठाला चार देश. किगोमाच्या अंगालाच उजिजी, १८७१ साली पत्रकार स्टॅन्लीला प्रवासी लिव्हिंग्स्टन सापडले ते गाव. पाणी इतकं स्वच्छ की धक्क्यावरून पाय सोडून बसलं तर खालचे मासे मोजता येतात.

आणि ते शंख! काठावर वाहून आलेले खिशात घालून आणलेत. निओथॉमा टांगानिसेन्से नावाची गोगलगाय, फक्त याच सरोवरातली. पाणी चुनखडीचं असल्यामुळे गोगलगाय मेली तरी शंख विरघळत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. तळाशी मैदानंच्या मैदानं पसरलीत शंखांची. बाकी तळ म्हणजे उघडी वाळू, लपायला झाड नाही की दगड नाही. म्हणून हे मासे शंखात शिरले, आणि शंखात मावायचं म्हणून एवढेसेच राहिले.

याच कुटुंबातला एक दांडगा आहे, लँप्रोलोगस कॅलिप्टेरस. त्याचा नर मादीच्या बारापट वजनाचा, स्वतः शंखात मावतच नाही. तो तोंडाने शंख उचलून आणून स्वतःचा ढीग रचतो आणि माद्या त्यात येऊन राहतात. शेजाऱ्याचे शंख पळवतो, कधीकधी आतल्या मादीसकट.

अवांतर : किगोमाला रात्री दिवे लावून होड्या जातात, चांदीसारखे बारके मासे धरतात. वाळूवर पसरून वाळवतात, अगदी आपल्या सुकटासारखे. नाव विचारलं तर म्हणाले 'दगा'. म्हटलं, बरोबर आहे, दिव्याने बोलावून जाळ्यात घेता, दुसरं काय म्हणणार!

कोकणचा_बाळ्या | रविवार, दुपारी १२:१०

'दगा' :D मेलो हसून. आमच्याकडे पण कांदा-कोकम घालून होईल का हो?

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी १:००

बाळ्याभाऊ, समुद्रातले चालतात. गोलसर, मोठ्या तोंडाचे, आतून गुळगुळीत घ्या. लांब निमुळत्या शंखात टोकाला घाण साचते, मासाही अडकतो. उकळून, वास पूर्ण जाईपर्यंत भिजवून मगच. गोड्या, मऊ पाण्याच्या माशांना मात्र नको, शंखाने पाणी कडक होतं. इथे उलट तेच हवंय.

आपल्या भातखाचरातल्या मोठ्या गोगलगायीचे रिकामे शंखही उत्तम. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्यांना ती आठवेल, 'पायला'. तिची चिरफाड केल्याशिवाय आमच्या काळी पदवी मिळत नसे. तळ्यातल्या लहान पट्टेरी गोगलगायी तर निओथॉमाच्याच कुळातल्या, पण मल्टीच्या नराला तो शंख घट्ट होईल.

धागाकर्ते, तुमचं पुण्याचं पाणी मऊ. कडकपणा कशाने आणता? प्रवाळाचा चुरा म्हणाल तर दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्या वाटेला जाऊ नका.

काचेतलं_जग | रविवार, दुपारी १:२०

तिसऱ्यांच्या शिंपल्या, सर. कालवण झालं की उकळून, कुटून जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरपाशी ठेवतो. पीएच ८.३ च्या खाली जात नाही. सासुरवाडी मालवणची, पुरवठा अखंड.

तृप्ती_फिश (सोलापूर) | रविवार, दुपारी ३:००

थोडं विषयाबाहेर, रागावू नका. माझ्या फायटर माशाने पाण्यावर फेसाचं घरटं केलंय. म्हणजे त्याला मादी हवीय ना? संध्याकाळी आणून सोडू का?

पाणपोई | रविवार, दुपारी ३:१०

नवीन धागा काढा ताई, इथे युद्ध चालू आहे.

अबोली | रविवार, दुपारी ३:४०

असू द्या हो, घरट्याचाच विषय आहे.

तृप्ती, आज नका सोडू. फेसाचं घरटं ही त्याची तयारी असते, आमंत्रण असेलच असं नाही. मादी नसताना, आरशासारख्या काचेत स्वतःला बघूनसुद्धा नर घरटं करतो. थायलंडच्या भातखाचरांतला मासा हा, साचलेल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी. म्हणून तो वर येऊन हवा गिळतो, आणि तीच हवा लाळेत गुंडाळून बुडबुडे सोडतो. अंडी पृष्ठभागाशी राहावीत यासाठी ती सगळी खटपट.

जुळवायचेच असतील तर आधी मादी काचेच्या बरणीत ठेवून ती बरणी त्याच टाकीत ठेवा, दोन दिवस नुसतं बघू दे. मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसला तर सोडा. पाणी पाच-सहा इंचच, वर देशी बदामाचं वाळलेलं पान तरंगत. मीलन संपलं की मादी लगेच बाहेर, नाहीतर तोच तिला मारेल. पुढचं बाळंतपण बाबाचं : खाली पडलेलं प्रत्येक अंडं तोंडात घेऊन परत फेसात खोचतो. साधारण दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात, नंतर दोन-तीन दिवस पिल्लं फेसाला शेपट्या लोंबकळत टांगलेली. सुटी पोहायला लागली की बाबाही बाहेर. आणि एवढ्याशा पिल्लांना डबीतलं खाणं चालत नाही, त्यांच्यासाठी आठवडाभर आधी गवताच्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढवून ठेवावे लागतात. ती तयारी आहे का?

तृप्ती_फिश | रविवार, दुपारी ३:५५

नाही. मग राहू दे. बिचारा एकटाच बरा.

मांडवीतीर (गोवा) | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळे आफ्रिका नि थायलंडला गेले, म्हणून आपल्या घरच्या सिक्लिडाबद्दल दोन शब्द. आमची काळुंदर. केरळात करीमीन म्हणतात, तिथला राज्य-मासा. भारतात मूळचे सिक्लिड तीनच, त्यांतली ही मोठी. खाजनाच्या (बांध घातलेल्या खारजमिनीच्या) पाण्यात मानशीजवळ, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारापाशी, उभं राहिलं तर दिसते. जोडी बुडालेल्या खांबाला, मुळाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघंही राखण करतात. पिल्लांचा ढग घेऊन फिरणारी जोडी एकदा बघाच.

तिची धाकटी चुलत बहीण, टाकीत ठेवता येणारी पिवळी 'ऑरेंज क्रोमाइड'. तिची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिपून खातात. आणि ही धाकटी काळुंदरीच्या अंगावरचे परजीवीसुद्धा टिपते, न्हावी बसल्यासारखी.

काळुंदर रव्यात घोळवून तळलेली कशी लागते ते इथे लिहीत नाही. धागा प्रेमाचा आहे.

काचेतलं_जग | मंगळवार, रात्री १०:१५

अपडेट. उसना स्पंज बसवला. चुलतभावाच्या किटने अमोनिया मोजला, रविवारी ०.५ होता, आज ०.२५. रोज पाव पाणी बदलतोय. दगड ठेवला, काचेवर टेकवून. पायलाचे नऊ शंख एका मित्राच्या शेतातून मिळाले.

मोठ्या नराने डावी बाजू धरली, खणतोय रात्रंदिवस. लहान नर दगडापलीकडे. एक मादी आली खाली. दुसरी, फाटक्या शेपटीची, अजून हीटरमागे. खाली उतरली की कोणीतरी हाकलतं, मोठ्या नरापेक्षा इतर माद्याच जास्त. एक मासा मेला, मधल्या वयाचा.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, रात्री १०:३०

वाईट वाटलं. पण आकडा उतरतोय, म्हणजे दिशा बरोबर. वर बसलेल्या मादीजवळ, हीटरच्या अगदी खाली, इतरांपासून लांब एक शंख ठेवा. तोंड कोपऱ्याकडे करून.

काचेतलं_जग | शनिवार, रात्री ११:४०, तीन आठवड्यांनी

उशीर झाला सांगायला. अमोनिया शून्य. वाळूचा पार उकिरडा केलाय परत, आणि आता बायकोला सुद्धा हात लावू देत नाही. ती म्हणते, तूच लावला होतास.

त्या मादीसाठी पायलाचा शंख ठेवला होता, तिने ढुंकून पाहिलं नाही. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात हर्णैहून आणलेला एक गोल शंख शोभेला म्हणून पहिल्यापासून पडून होता, तपकिरी ठिपक्यांचा. दीड वर्षात त्यात कोणी राहिलं नव्हतं. गेल्या गुरुवारी बघतो तर ही त्यात. आधी नुसतं नाक बाहेर. मग बाहेर येऊन तोंडभर वाळू उचलायची, दोन इंच जाऊन थुंकायची, परत. एका बाजूलाच थुंकते, शेजारणीच्या दिशेला. आता बोटाच्या पेराएवढी वरंबी झालीय. शेजारीण वरंबीपर्यंत येते आणि थांबते.

शेपटी भरत आलीय. आज संध्याकाळी लहान नर वळसा घालून तिच्या दारापर्यंत येऊन गेला.

कोकणचा_बाळ्या | शनिवार, रात्री ११:५२

आमच्या हर्णैचा शंख!! अजून पाठवू काय?

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ६:५०

पाठवा, पण टाकीत घालू नका इतक्यात. आणि ती एक-दोन दिवस बाहेरच आली नाही तर शंख हलवून बघायचा मोह आवरा.

काचेतलं_जग | रविवार, सकाळी ७:३०

कालपासून आलेली नाही. हात मागे बांधून बसलोय, सर.